दळणावरचा कर आणि अर्थमंत्री सेल्ला



इटलीच्या स्वातंत्र्याची कथा महाराष्ट्राला परकी नाही. सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र व लेख मराठीत आणले ते १९०७ साली, आणि तेव्हापासून मॅझिनी, गॅरिबाल्डी, काव्हूर ही नावे आपल्याकडे शाळकरी पोरांच्याही कानांवरून गेलेली आहेत. हजार स्वयंसेवकांनिशी सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरणारा गॅरिबाल्डी वर्गात सांगायला मोठा रंगतदार. मुले हूं की चूं करीत नाहीत. पण १८६१ च्या मार्चमध्ये इटलीचे राज्य जाहीर झाले, जूनमध्ये काव्हूर वारला, आणि पाठ्यपुस्तकातला धडा बहुधा तिथेच संपतो. पुढे काय झाले? घरात लग्न होते, वाजंत्रीवाले बिदागी घेऊन जातात, मंडप उतरतो, आणि मग वाणी, सराफ, मंडपवाला असे एकेकजण ओसरीवर येऊन बसतात. इटलीचे तसेच झाले. ओसरीवरच्या या मंडळींना तोंड द्यायला जो माणूस पुढे झाला, त्याच्याविषयी मी आज बोलणार आहे. त्याचे नाव क्विंतिनो सेल्ला.

हा मनुष्य तीनदा इटलीचा अर्थमंत्री झाला. पहिल्यांदा १८६२ साली, मग १८६४-६५ मध्ये, आणि शेवटी १८६९ च्या डिसेंबरपासून १८७३ च्या जुलैपर्यंत. लढाई त्याने एकही मारली नाही. तरी त्याच्या नावाने खेड्यापाड्यांतून जितके शिव्याशाप निघाले, तितके एखाद्या सेनापतीच्याही वाट्याला आले नसतील. कारण त्याचे नाव जडले एका कराला; आणि तो कर होता दळणावर.

आधी कर्जाची गोष्ट सांगतो, म्हणजे कराची समजेल. इटली एक झाली ती निरनिराळी संस्थाने जोडून. पीडमाँट, लोंबार्डी, टस्कनी, पार्मा, मोदेना, पोपच्या मुलखाचा मोठा भाग, आणि दक्षिणेचे नेपल्स-सिसिलीचे राज्य. प्रत्येकाचे कर वेगळे, नाणी वेगळी, आणि कर्जेही वेगळी. नव्या राज्याने १८६१ साली ठरवले की ही सारी जुनी कर्जे आपली म्हणून एकाच खातेवहीत लिहायची. ज्या राजांना हाकलून दिले, त्यांनी काढलेली कर्जेसुद्धा! सावकारांत पत राहावी म्हणून हे केले. त्यात ऑस्ट्रियाबरोबरच्या लढायांचा खर्च, नवे सैन्य, नवे आरमार, रेल्वे, बंदरे. सेल्ला पहिल्यांदा मंत्री झाला त्या १८६२ साली खर्च जमेच्या जवळजवळ दुप्पट होता. घरातला कर्ता शंभर मिळवतो आणि घर दोनशे खाते, असे म्हणा.

तूट आली की कर्ज काढायचे, कर्जाचे व्याज द्यायला आणखी कर्ज काढायचे. पुढे १८६६ साली तर पॅरिसच्या बाजारात इटलीचा शंभराचा कर्जरोखा पन्नासाच्याही खाली विकला जात होता, आणि नोटेच्या बदल्यात सोनेचांदी देणे सरकारला कायद्याने थांबवावे लागले. हे असेच चालू राहिले तर काय होते, याचे उदाहरण फार लांब नव्हते. तुर्कस्तानने १८७५ साली दिवाळे जाहीर केले, इजिप्त १८७६ साली त्याच वाटेने गेला. तिथे परदेशी सावकारांचे प्रतिनिधी तिजोरीवर येऊन बसले, आणि १८८२ साली इजिप्तमध्ये इंग्रजांची फौज उतरली. पैशाच्या वहीतून राज्य जाते ते असे. सेल्लाला हीच धास्ती होती. देश रक्त सांडून मिळवला आणि व्याजात घालवला, असे होऊ नये.

आता हा माणूस कोण, कुठला? उत्तरेला आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी बिएल्ला नावाचे गाव आहे. तो भाग लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध. तिथल्या एका खोऱ्यात, लोकरीचा धंदा करणाऱ्या घराण्यात, ७ जुलै १८२७ रोजी सेल्ला जन्मला. शिकला इंजिनियरिंग. वीस वर्षांचा असताना खाणकाम शिकायला सरकारने त्याला पॅरिसला पाठवले. तिथे १८४८ ची राज्यक्रांती त्याने जवळून पाहिली. परत येऊन तुरीनला अध्यापक झाला. स्फटिकशास्त्र हा त्याचा आवडीचा विषय. खनिजांचे स्फटिक घ्यायचे, त्यांच्या कडांचे कोन मोजायचे, आकडे मांडायचे. एका खनिजाला पुढे त्याच्या सन्मानार्थ सेल्लाइट असे नावही मिळाले. गणित झटपट करण्याची सरकती गणकपट्टी असते ना, इंजिनियर लोक पूर्वी खिशात बाळगायचे ती, तिच्यावर त्याने एक पुस्तक लिहिले आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माणसाच्या हाताला जे वळण लागते ते तो राज्यकारभारातही घेऊन जातो. सेल्ला अंदाजपत्रकाकडे बघायचा तो स्फटिकाकडे बघितल्यासारखा. कोन चुकला तर चुकला. त्यात भीडमुर्वत नाही.

१८६० साली तो लोकसभेवर निवडून आला आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी अर्थमंत्री झाला. त्या पहिल्या खेपेला काही महिनेच मिळाले. दुसऱ्या खेपेला मात्र त्याने हात दाखवला. मीठ महाग केले. इमारतींवर कर बसवला. सरकारी रेल्वे विकून टाकली. जमीनमालकांना सांगितले, की पुढल्या वर्षाचा शेतसारा याच वर्षी आगाऊ भरा. राजालाही सोडले नाही. व्हिक्टर इमॅन्युएलच्या खाजगी नेमणुकीतून तीस लाख लिरा कमी झाले. ‘हाडापर्यंत काटकसर’ हे शब्द त्याच्या नावावर इटलीत अजून चालतात. मांस कापून झाले, आता हाड लागेपर्यंत सुरी चालवा, असा त्याचा अर्थ. तेव्हा त्याने फक्त गरिबाच्याच खिशात हात घातला असे कोणी म्हणू नये. ते खरे नाही.

पण एवढ्याने भागेना. १८६५ च्या डिसेंबरमध्ये त्याने दळणावरच्या कराचा मसुदा लोकसभेपुढे ठेवला. त्यामागचा त्याचा विचार ऐकण्यासारखा आहे. श्रीमंतावर कितीही कर बसवा, श्रीमंत माणसे मूठभर. उत्पन्नाचा कर बसवा, तर लोक उत्पन्न लपवतात. भाकरी मात्र सगळेच खातात, आणि पीठ केल्याशिवाय भाकरी होत नाही. म्हणून कर पिठावर. शिवाय ही काही नवी कल्पना नव्हती. पोपच्या मुलखात आणि सिसिलीत हा कर पूर्वी होताच.

इथे इतिहासाची गंमत बघा. गंमत कसली, दुर्दैव म्हणा. गॅरिबाल्डी १८६० च्या मे महिन्यात सिसिलीत उतरला, तेव्हा त्याने काढलेल्या अगदी पहिल्या हुकुमांपैकी एक हुकूम दळणावरचा कर रद्द करण्याचा होता. खेडुताला स्वातंत्र्य म्हणजे काय हे समजले ते त्या हुकुमाने. आणि आता त्याच स्वतंत्र इटलीचे सरकार तोच कर साऱ्या देशावर बसवू पाहत होते.

१८६५ साली ते जमले नाही. ते मंत्रिमंडळच लवकर गडगडले. पुढे १८६६ ची ऑस्ट्रियाबरोबरची लढाई झाली, तूट आणखी फुगली, आणि जुलै १८६८ मध्ये हा कर कायद्यात आला. त्या वेळी अर्थमंत्री होता काम्ब्रे-दिन्यी नावाचा दुसराच गृहस्थ. पण कल्पना सेल्लाची, आग्रह सेल्लाचा, आणि लोकांच्या तोंडी नावही सेल्लाचेच.

कराचे दर असे. एक क्विंटल, म्हणजे शंभर किलो, गहू दळला तर दोन लिरा. ओट दळले तर एक लिरा वीस सेंट. मका आणि राय यांना ऐंशी सेंट. बाकीची किरकोळ धान्ये, कडधान्ये आणि वाळवलेली चेस्टनटची फळे यांना पन्नास सेंट. डोंगराळ भागात लोक या फळांचे पीठ करून खात, म्हणून तीही यादीत आली. ऐकायला दर फारसे वाटत नाहीत. पण शेतमजुराची रोजची मजुरी होती एक-दीड लिराच्या आतबाहेर, तीही काम असेल त्या दिवशी. उत्तर इटलीतला गरीब शेतकरी राहायचा मक्याच्या पिठावर. ते पीठ पाण्यात शिजवून, घट्ट घाटा करून खायचे, हेच दोन्ही वेळचे जेवण. समजा एखाद्या कुटुंबाने वर्षाला दहा क्विंटल मका दळला, तर आठ लिरा कर झाला. म्हणजे सरकारसाठी एक आठवडा फुकट राबणे. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित मुलांना जरूर घालावे. आणि याच गणिताचा दुसरा भागही घालावा : शंभर कुळांच्या मालकाचे कुटुंब वर्षाला कितीसे पीठ जास्त खाणार?

आता कर गोळा कसा करायचा, हा प्रश्न. हजारो गिरण्या, बहुतेक पाण्यावर चालणाऱ्या, ओढ्याकाठी, डोंगराच्या घळीत, काही तर पो नदीच्या पात्रात होड्यांवर तरंगणाऱ्या. प्रत्येक गिरणीवर शिपाई बसवायचा तर कराचे उत्पन्न शिपायांच्या पगारातच जायचे. इथे सेल्लातला इंजिनियर पुढे आला. गिरणीच्या वरच्या तळीच्या आसाला एक यंत्र जोडायचे. तळी एकदा फिरली की यंत्रात एक आकडा पुढे सरकायचा. महिन्याकाठी अधिकाऱ्याने येऊन आकडा वाचायचा, शंभर फेऱ्यांना इतके पैसे या हिशेबाने गिरणीवाल्याने सरकारात रक्कम भरायची, आणि ती त्याने दळण घेऊन येणाऱ्यांकडून वसूल करायची. आज आपल्या गिरणीला विजेचा मीटर असतो, तसाच हा फेऱ्यांचा मीटर. यंत्र खोटे बोलत नाही, लाच खात नाही, ओळखीपाळखीचा विचार करीत नाही. कागदावर बघा, किती सुबक योजना!

पण ज्याने गिरणी बघितली आहे त्याला यातली मेख लगेच कळेल. शंभर फेऱ्यांत किती दळण पडते? टाकी लावलेल्या नव्या तळीत जास्त पडते, झिजलेल्यात कमी. ओढ्याला पाणी असताना एक, उन्हाळ्यात दुसरे. बारीक दळायचे तर फेऱ्या जास्त, भरड दळायचे तर कमी. म्हणून प्रत्येक गिरणीला निराळा दर ठरवावा लागला, आणि प्रत्येक दरावर भांडण उभे राहिले. ज्याच्याकडे चांगली यंत्रे आणि मोठी तळी, त्याला फेऱ्यांचा हिशेब फायद्याचा. घळीतल्या लहान गिरणीवाल्याला तो बुडवणारा. अनेक लहान गिरण्या या करापायी बंद पडल्या. मीटरने फेऱ्या मोजल्या. कर मात्र पिठावर होता. फेऱ्या आणि पीठ एकच नव्हेत, ही गोष्ट तुरीनच्या अध्यापकाला कळली नसेल असे नाही, पण सरासरी काढली की सगळे बरोबर येते असा विद्वानांचा एक विश्वास असतो. मीही अध्यापकच आहे. हा विश्वास मला चांगला परिचयाचा आहे.

१ जानेवारी १८६९ ला कर सुरू झाला, आणि त्या दिवशी पुष्कळ गिरण्यांना मीटर बसलेलेच नव्हते. मग अंदाजाने आकारणी करून गिरणीवाल्यांकडे रक्कम मागण्यात आली. गिरणीवाल्यांनी दारे लावून घेतली. ऐन हिवाळा, घरात दाणे आहेत पण पीठ नाही. उत्तर आणि मध्य इटलीत, विशेषतः बोलोन्या, पार्मा, रेज्जो या भागांत, शेतकरी जमावाने निघाले. गिरण्या फोडल्या, सरकारी कचेऱ्यांत घुसून दप्तरे जाळली. काही ठिकाणी पोपचा जयजयकार झाला. म्हणजे नव्या राज्यापेक्षा जुने बरे होते, असे दहा वर्षांच्या आत लोक म्हणू लागले. सरकारने राफाएले कादोर्ना या सेनापतीला सर्वाधिकार देऊन पाठवले. दंगे मोडले. अडीचशेच्या वर माणसे मेली, हजाराच्या वर जखमी झाली, साडेतीन हजारांहून जास्त पकडली गेली. दळणापायी.

आणि ज्यांनी हा कर बसवला त्यांना या लोकांनी निवडून दिले होते का? नाही. त्या वेळच्या इटलीत मताचा अधिकार होता तो पंचवीस वर्षांवरच्या, लिहितावाचता येणाऱ्या आणि वर्षाला किमान चाळीस लिरा प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषांना. दोन कोटी वीस लाख वस्तीच्या देशात १८६१ साली मतदार होते चार लाखांच्या आसपास. शंभरांत दोन. मक्याचा घाटा खाणाऱ्याला मत नव्हते. तो जे पीठ खातो त्यावर कर द्यायचा, पण तो कर असावा की नसावा हे विचारायला त्याच्याकडे कोणी येणार नव्हते.

दंगे झाले तेव्हा सेल्ला मंत्री नव्हता. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो लांत्साच्या मंत्रिमंडळात तिसऱ्यांदा अर्थमंत्री झाला, आणि कर रद्द करायच्या ऐवजी त्याने तो नीट चालता केला. मीटर बसवण्याचे काम रेटून नेले. पहिल्या वर्षी या कराचे उत्पन्न अपेक्षेच्या मानाने अगदीच क्षुल्लक आले होते. ते दरसाल वाढत पुढे आठ कोटी लिरांच्या घरात गेले. त्याचबरोबर उत्पन्नावरचा कर १८७० साली आठ टक्क्यांवरून बारांवर, आणि वरची भर धरून तेरांच्याही पुढे गेला. सेल्ला म्हणजे पक्का वसूल करणारा. सभागृहात त्याच्यावर टीकेचा भडिमार व्हायचा. तो उभा राहून आकडे वाचायचा. लोक आपल्याला चांगले म्हणावेत ही इच्छा त्याला होती की नाही कोण जाणे. असली तरी ती त्याने कधी अंदाजपत्रकात येऊ दिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा मनुष्य केवळ रुक्ष हिशेबनीस दिसतो. तसे नव्हते. १८७० ची हकिकत ऐका. फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध जुंपले. राजा व्हिक्टर इमॅन्युएल याला फ्रान्सच्या बादशहाच्या मदतीला धावायचे होते. सेल्लाने कडकडून विरोध केला. असे सांगतात की राजाने रागाच्या भरात त्याला त्याच्या घराण्यावरून टोमणा मारला, की तू शेवटी कापडवाल्यांच्या कुळातला. त्यावर सेल्लाने उत्तर दिले ते असे, की खरे आहे महाराज, पण आमच्या घराण्याने आपल्या सहीची हुंडी कधी परत येऊ दिली नाही. आपण मात्र आता अशा हुंडीवर सही करायला निघाला आहात की जी फेडता येईल याची खात्री नाही. गोष्ट शब्दशः अशीच घडली असेल वा नसेल, पण माणूस तिच्यात पुरता दिसतो.

राजा थांबला, इटली युद्धात पडली नाही. फ्रान्सचा पाडाव झाल्यावर रोमला पोपच्या रक्षणासाठी फ्रेंच फौज उरली नाही, आणि मंत्रिमंडळात ‘आता रोमला चला’ असा सगळ्यांत जास्त धोशा लावणारा होता हाच अर्थमंत्री. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीची फौज रोममध्ये शिरली. तिचा सेनापती कोण? तोच कादोर्ना, पावणेदोन वर्षांपूर्वी दळणाचे दंगे मोडणारा.

रोम राजधानी झाल्यावर काटकसरीच्या या महामेरूने अर्थखात्यासाठी तिथे भलीमोठी इमारत बांधायला घेतली. १८७२ साली काम सुरू झाले. इतकी प्रचंड, की त्याच्या विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले असेल. पण त्याच्या डोक्यात नव्या रोमचे चित्र होते : कचेऱ्यांचे आणि विद्येचे शहर, विज्ञानाचे शहर. गॅलिलिओ ज्या जुन्या विद्वत्सभेचा सभासद होता, तिचे पुनरुज्जीवन त्याने केले आणि १८७४ पासून मरेपर्यंत तिचा अध्यक्ष राहिला. त्या आधी, १८६३ साली, त्याने मॉन्विसो नावाचे आल्प्समधले उंच शिखर चढून त्याच वर्षी इटलीची गिर्यारोहण संस्था काढली. ती आजही आहे. पर्वताचे हे वेड घराण्यातच शिरले. त्याचा पुतण्या व्हित्तोरियो सेल्ला याने हिमालयात येऊन १८९९ साली कांचनगंगेची आणि १९०९ साली काराकोरममधल्या के-टू शिखराची जी छायाचित्रे काढली, ती पाहून डोंगरमाणसे अजून माना डोलावतात.

आणखी एक गोष्ट, ती खेड्यातल्या श्रोत्यांच्या जवळची आहे. टपाल कचेरीत गरिबाने दोन पैसे ठेवावेत, सरकारने त्याला व्याज द्यावे, ही पद्धत इंग्लंडात ग्लॅडस्टनने १८६१ साली सुरू केली. सेल्लाने १८७० पासून इटलीत तिचा पाठपुरावा केला. त्याच्याच पक्षाच्या सरकारने १८७५ साली कायदा केला आणि १८७६ च्या आरंभापासून इटलीतल्या टपाल कचेऱ्यांतून बचतखाती उघडू लागली. आपल्याकडे हीच पद्धत १८८२ साली आली. आपल्या गावच्या पोस्टातले बचतपुस्तक आणि इटलीतल्या डोंगरी गावातले बचतपुस्तक ही चुलत भावंडेच म्हणायची. ज्या हाताने दळणावर पैसे घेतले, त्याच हाताने गरिबाला शिल्लक टाकायला जागा करून दिली. यातली पहिली गोष्ट दुसरीने फिटते का? मला विचाराल तर नाही. पण माणसाचा हिशेब लिहिताना जमेची बाजू कोरी ठेवणे हेही बरे नव्हे.

१८७३ च्या जूनमध्ये लोकसभेला नवा खर्च हवा होता. सेल्ला म्हणाला, खर्च हवा तर आधी नवे उत्पन्न मंजूर करा. सभागृहाने खर्चाला मान हलवली, कराला नाही. मंत्रिमंडळ पडले. सेल्ला पुन्हा कधीच मंत्री झाला नाही. फळ आले ते त्याच्यामागून. त्याच पक्षाचा मिंगेत्ती १८७६ च्या मार्चमध्ये सभागृहात उभा राहिला आणि त्याने सांगितले, की जमाखर्चाची तोंडमिळवणी झाली, तूट गेली. स्वातंत्र्य मिळून पंधरा वर्षांनी इटलीची वही जुळली. आणि दोनच दिवसांनी त्या सरकारचा पराभव झाला! कर्ज फेडणाऱ्या कर्त्याला घरात फार दिवस कोणी मानत नाही, हे आपण आपल्या आसपासही बघतो.

नवे सरकार डाव्या पक्षाचे. दळणाचा कर काढू, हे त्यांचे वचन. वचन देणे सोपे होते, पाळायला आठ वर्षे लागली. कारण तिजोरीत येणारे आठ कोटी सोडायला कोणत्याही अर्थमंत्र्याचा हात धजत नाही, मग तो डावा असो की उजवा. आधी मका वगैरे हलक्या धान्यांवरचा कर गेला. १८८० साली तो सगळाच काढायचा कायदा झाला, पण अंमल १ जानेवारी १८८४ पासून. सेल्लाने या साऱ्याला विरोधच केला. कर नकोसा आहे हे त्यालाही मान्य असावे. पण त्याची जागा कशाने भरणार, हा त्याचा प्रश्न होता. आणि तो प्रश्न पोकळ नव्हता, कारण पुढल्या काही वर्षांत तूट पुन्हा इटलीच्या दाराशी आलीच.

माझे विद्यार्थी विचारतात, सर, मग सेल्ला बरोबर की चूक? मी त्यांना सांगतो, देशाचे कर्ज फेडले पाहिजे यात तो बरोबर होता. इजिप्तचे जे झाले ते इटलीचे होऊ शकले असते. पण ते ओझे कोणी किती उचलायचे, हे ज्या सभागृहात ठरले तिथे शंभरांतल्या दोघांचेच प्रतिनिधी बसले होते. ते बहुतेक जमीनमालक. त्यांना आगाऊ सारा भरायला लावताना सेल्ला कचरला नाही, हे मी सांगितलेच. तरीसुद्धा ज्याचे ओझे वाटणीच्या वेळी कोणी मोजले नाही तो ओढ्याकाठी पोते घेऊन उभा होता. सेल्लाच्या यंत्राला तळीच्या फेऱ्या दिसत होत्या. पोते घेऊन आलेला माणूस त्याला दिसण्याची सोयच नव्हती. १८८२ साली मताधिकार वाढला, तरी तो शंभरांत सातांपर्यंतच पोचला.

इटलीतल्या लोकांच्या आठवणीत हा कर फार दिवस राहिला. पो नदीवरच्या तरंगत्या गिरणीची आणि तिच्यावर बसलेल्या मीटरची कथा बाक्केल्ली नावाच्या कादंबरीकाराने विसाव्या शतकात लिहिली, आणि १९४९ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. रोममध्ये त्या भल्यामोठ्या अर्थखात्याच्या इमारतीसमोर सेल्लाचा पुतळा १८९३ साली उभारला, तो तिथे अजून आहे.

दळणाचा कर संपला १ जानेवारी १८८४ ला. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १४ मार्च रोजी, सेल्ला आपल्या गावी, बिएल्लात वारला. वय छप्पन्न. बिएल्लाच्या वरच्या अंगाला डोंगरात ओरोपा नावाचे देवीमातेचे जुने ठिकाण आहे. तिथल्या दफनभूमीत त्याला पुरले. त्याची समाधी दगडाची आहे, तिच्या चारी बाजू वर एका टोकाला मिळतात, एखाद्या स्फटिकासारख्या.